दोन अंगरखे, जकात आणि पगार

पाळकाकडे माणसं मोठे प्रश्न घेऊन येतात. ही नोकरी धरू की सोडू, लग्नाला होकार देऊ की थांबू, परदेशी जाणं ही देवाची इच्छा आहे का. मी त्यांच्यासोबत प्रार्थना करतो, कारण ज्याचा प्रश्न असतो त्याची झोप खरोखर उडालेली असते. पण इतकी वर्षं हे काम करताना एक गोष्ट मला सतत खुपते. पवित्र शास्त्र ज्या गोष्टींवर नेमकं बोट ठेवतं, त्या घेऊन माझ्याकडे जवळजवळ कुणीच येत नाही. हाताखालच्या माणसाशी कसं वागू, कुणाच्या पाठीमागे काय बोलू, भावाशी तुटलेलं बोलणं पुन्हा कसं सुरू करू, हे प्रश्न पाळकाला विचारायचेच नसतात असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकल्यासारखं आहे.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात मात्र लोकांनी विचारलं. यार्देनच्या परिसरात बाप्तिस्मा करणारा योहान उपदेश करत होता, आणि तो कानाला गोड लागणारा उपदेश नव्हता. लोक हादरले आणि म्हणाले, मग आम्ही काय करावं? योहान स्वतः रानात राहणारा, उंटाच्या केसांचं वस्त्र नेसणारा, टोळ आणि रानमध खाणारा. घरदार सोडा आणि माझ्यासारखे रानात या, असं त्याने सांगितलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. त्याने तसं काहीच सांगितलं नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्न असेल त्यानेही तसंच करावं. जकातदार आले, त्यांना म्हणाला, ठरवून दिलंय त्याहून जास्त वसूल करू नका. शिपाई आले, त्यांना म्हणाला, दमदाटी करून पैसे उकळू नका, कुणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना.

जकातदाराला त्याने जकात सोडायला सांगितलं नाही, शिपायाला तलवार टाकायला सांगितलं नाही. ज्याच्या हाती जे आहे तिथेच त्याचा पश्चात्ताप दिसू दे, इतकंच. हा भाग वाचला की मला दिलासा मिळतो आणि धाकही वाटतो. दिलासा यासाठी, की देवाची सेवा करायला दुसरीकडे कुठे जावं लागत नाही. आणि धाक यासाठी, की मग लपायलाही जागा उरत नाही.

हाताखालच्या माणसाबद्दल आधी लिहितो, कारण त्या बाबतीत मला आपल्या मंडळ्यांची सगळ्यांत जास्त काळजी वाटते.

'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वचन संडे स्कूलच्या मुलांनाही पाठ असतं. येशूने ते दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितलं. पण ते मूळचं लेवीयच्या १९व्या अध्यायातलं आहे, आणि तिथे त्याच्या आजूबाजूला काय आहे ते एकदा सावकाश वाचून बघा. शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी राहू दे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको. बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. लोकांत चुगल्या करत फिरू नको. पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा. तराजू आणि वजनं खरी ठेव. प्रीतीची आज्ञा या सगळ्यांच्या मधोमध आली आहे. मजुरीच्या आज्ञेपासून ती जेमतेम पाच वचनं पुढे आहे. आपण तिला तिथून उचलून सुंदर अक्षरांत भिंतीवर लावली, आणि तिच्या शेजारचं सगळं तिथेच राहून गेलं.

पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात मजुरीच्या याच आज्ञेचं कारण दिलं आहे, आणि ते वाचताना माझा आवाज दर वेळी हलतो. मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात लागलेला असतो. मजूर स्वजातीचा असो की परका, दोघांनाही हाच नियम. तो परमेश्वराकडे गाऱ्हाणं करील आणि तुझ्या माथी पाप लागेल. द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांच्या दाखल्यात मालक संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी द्यायला सांगतो, ते याच नियमाला धरून. तिथे भांडण होतं ते कुणाला किती मिळालं यावरून. मजुरी त्याच संध्याकाळी मिळायची, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नाही.

कलस्सैकरांस पत्रातलं एक वचन कामगारांना फार ऐकवलं जातं: जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नको, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. पौलाने ते दासांना लिहिलं होतं. तिसरा अध्याय त्यानंतर दोनच वचनांत संपतो आणि वाचन तिथे थांबतं. पुढचं वचन चौथ्या अध्यायाचं पहिलं आहे: धन्यांनो, तुमच्या दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण स्वर्गात तुमचाही धनी आहे. हे अध्याय पौलाने पाडले नव्हते. आज आपण वापरतो ते अध्याय १३व्या शतकाच्या सुरुवातीचे, कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँगटन यांनी पाडले असं मानलं जातं. पौलासाठी ते एकच सलग सांगणं होतं. मी उपासनेत हा भाग वाचायला देतो तेव्हा चौथ्या अध्यायाचं पहिलं वचन धरूनच देतो. दासांना सांगून झाल्यावर धन्यांना मोकळं सोडायचं, असा अर्धा उपदेश मला करायचा नाही.

आमच्या मंडळीत उपासनागृह झाडून-पुसून ठेवणाऱ्या ताईंचा पगार दान किती जमलं ते मोजून झाल्यावर दिला जायचा. त्यामुळे तारीख कधीच ठरलेली नसायची. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पद्धतच तशी पडली होती. कमिटीच्या बैठकीत मी अनुवादातली ती वचनं वाचली आणि गप्प बसलो. आमच्या खजिनदारांनीच मग सुचवलं, की पगार आधी बाजूला काढू आणि बाकीचा खर्च उरलेल्यात बसवू. तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला पगार होतो. भरपगारी रजेचा विषय अजून बैठकीपुढे आहे, आणि तो मार्गी लागेपर्यंत मी तो दर बैठकीत काढणार आहे.

कामाबद्दल बोलताना आम्ही पाळक लोक नकळत दोन खाती पाडतो. 'सेवा' म्हटलं की उपदेश, गायन, संडे स्कूल, आणि बाकी सगळी 'नोकरी'. येशूला त्याच्या गावचे लोक सुतार म्हणून ओळखत होते, मार्कच्या सहाव्या अध्यायात ते तसंच म्हणतात. पौल करिंथला अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला तो तिघांचाही धंदा एकच म्हणून, तंबू बनवण्याचा. लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची, आणि फिलिप्पैच्या विश्वासणाऱ्यांना बसायला घर मिळालं ते तिचं. मराठी वाचकांना पंडिता रमाबाईंबद्दल वेगळं सांगायला नको. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणलं, आणि त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया काम करत होत्या. छापखान्यातला तो घाम भक्तीच्या बाहेरचा होता असं कोण म्हणेल?

पण प्रामाणिकपणे काम करण्याची किंमत मोजावी लागते, आणि त्याबद्दल आपण उपदेशात फार सैल बोलतो. आमच्या मंडळीतला एक तरुण एका कंपनीत हिशोब बघायचा. आलाच नाही अशा मालाची बिलं दाखल करायला त्याला सांगण्यात आलं. तो नाही म्हणाला. आधी त्याला दुसऱ्या टेबलावर बसवलं, मग बिनकामाचं ठेवलं, आणि शेवटी त्याने स्वतःच राजीनामा दिला. माझ्याकडे येऊन त्याने विचारलं, "पाळकसाहेब, मी बरोबरच केलं ना? मग असं का झालं?"

देव तुला याहून मोठी नोकरी देईल, असं मी त्याला म्हणालो नाही. तसं वचन मला कुठे सापडत नाही. आम्ही दोघांनी दानीएलचा तिसरा अध्याय उघडला. शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला म्हणतात, आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे लवणार नाही. 'नाही सोडवलं तरीही' हे त्यांनी भट्टीत पडण्याआधी म्हटलं, शेवट काय होणार ते ठाऊक नसताना. तो तरुण बरेच महिने घरी होता. मंडळीतल्या काही कुटुंबांनी त्याच्या मुलीची फी भरली आणि त्याचा बोभाटा केला नाही. आज तो आधीपेक्षा कमी पगारावर काम करतो. साक्ष सांगायला उभं राहावं असं त्याला वाटत नाही, कारण त्याच्या गोष्टीला तसा शेवट नाही. माझ्या मते आमच्या मंडळीत याहून भक्कम साक्ष दुसरी नाही, आणि हे मी त्याला विचारून लिहितो आहे.

जिभेबद्दल याकोबाने इतकं लिहून ठेवलं आहे की मी भर घालण्याची गरज नाही. मात्र एक गोष्ट खास आपल्या लोकांची आहे. 'प्रार्थना करावी म्हणून सांगते हं' असं म्हणून आपण दुसऱ्याच्या घरातलं सगळं बाहेर काढतो. कुणाचं लग्न मोडकळीला आलं, कुणाचा मुलगा व्यसनात गेला, कुणाच्या डोक्यावर कर्ज आहे. आमच्या प्रार्थनासभेत आता एक नियम आहे: ज्याचं दुःख आहे त्याने स्वतः सांगावं, किंवा त्याने सांगायची परवानगी दिलेली असावी. नाहीतर नाव न घेता प्रार्थना करा, परमेश्वराला नाव ठाऊक असतं. सुरुवातीला सभा लवकर आटपायला लागल्या. आता लोक स्वतःबद्दल बोलतात.

समेटाबद्दल मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू जे म्हणतो ते नीट ऐकलं तर फार जड आहे. वेदीजवळ अर्पण आणलंस, आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ऐकणारे गालीलातले होते. वेदी होती यरुशलेमात, गालीलाहून काही दिवसांच्या पायी वाटेवर. म्हणजे इतकं चालून वेदीपर्यंत पोचलेल्या माणसाला येशू परत गावी जायला सांगतो, आणि पुन्हा यायला सांगतो. आणखी एक. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं तो म्हणत नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर, असं म्हणतो. पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावर भावाभावांत वर्षं जातात. घर, जमीन, आईवडिलांच्या आजारपणाचा खर्च, याच्यावरून अबोला धरलेले दोन भाऊ एकाच उपासनेत दोन टोकांना बसतात आणि एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेतात. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात मी घरभेटींना मुद्दाम अशाच घरी जातो. बरेचदा काही घडत नाही. कधीतरी मात्र एखादा म्हणतो, चला पाळकसाहेब, तुम्ही सोबत असाल तर आत्ताच जाऊन येतो. मग मी बाकीच्या भेटी रद्द करतो.

पण इथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहायची आहे, कारण याच वचनाचा वापर करून कितीतरी बायकांना मार खायला परत पाठवलं गेलं आहे. नवरा हात उगारतो म्हणून बाई माहेरी किंवा मंडळीकडे येते, आणि तिला सांगितलं जातं, क्षमा कर, सहन कर, तुझ्या प्रार्थनेने तो बदलेल. शास्त्रात असं सांगितलेलं नाही. येशूने अर्पण ठेवून जायला सांगितलं ते अपराध करणाऱ्याला. आणि पौलाकडे बघा. ख्रिस्तासाठी दुःख सोसायला जन्मभर तयार असलेला माणूस, पण यरुशलेमात त्याला फटक्यांसाठी बांधलं तेव्हा त्याने शताधिपतीला विचारलं: रोमन नागरिकाला, चौकशी न करता, फटके मारणं कायद्यात बसतं का? फटके थांबले. कायद्याचा आधार घेतला म्हणून पौलाचा विश्वास कमी झाला नाही. तेव्हा कुणी ताई हे वाचत असेल तर तिने आधी सुरक्षित जागी जावं आणि पोलिसांची मदत घ्यावी. तिच्या सोबतीला जायला मी आणि माझी पत्नी कोणत्याही वेळी तयार असतो. क्षमेचा विषय नंतरचा आहे, आणि तो तिच्यावर लादायचा अधिकार कुणालाही नाही, पाळकाला तर नाहीच.

इथवर वाचून कुणाला वाटेल, ही सगळी कामांचीच यादी झाली, मग कृपा कुठे गेली? प्रश्न रास्त आहे. कामं करून देवाच्या घरात जागा मिळत नाही, हे मी प्रत्येक मरणशय्येशी बसून सांगत आलो आहे, आणि माझी स्वतःची सगळी आशा तिथेच आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आपलं तारण कृपेने झालं, कर्मांनी नाही, आणि लागलीच पुढे म्हणतो की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. योहानानेही त्या दिवशी लोकांना काय करायचं ते सांगून वाऱ्यावर सोडलं नाही. त्याच अध्यायात, पुढच्याच बोलण्यात तो म्हणाला, माझ्यापेक्षा समर्थ असा एक येतो आहे, तो तुमचा बाप्तिस्मा पवित्र आत्म्याने करील. अंगरखा द्यायला सांगणारा योहान, आणि देताना मूठ सैल करणारा तो. पवित्र आत्म्याचं काम आपण गाण्यात आणि अश्रूंतच शोधतो. बिलावर सही न करणाऱ्या हातातही मी ते पाहिलं आहे.

आणि देवाशी बोलायला दर वेळी गुडघे टेकायला मिळतीलच असं नाही. नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाने विचारलं, तुला काय पाहिजे? नहेम्या लिहितो, तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. राजाचा प्रश्न आणि नहेम्याचं उत्तर यांच्यामध्ये जेवढा श्वास मावेल तेवढीच ती प्रार्थना. कुणाच्या दाराची घंटा वाजवल्यापासून दार उघडेपर्यंत मी हेच करतो. आत कोणतं दुःख बसलं आहे ते मला माहीत नसतं. 'प्रभू, तू आधी आत जा', इतकंच म्हणतो.

या सगळ्यात एका ताईंचं म्हणणं मला लिहायचं आहे. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, माणसं ओळखत नाहीत, रात्ररात्र हाका मारत राहतात. ताईंना उपासनेला येता येत नाही. मी प्रभुभोजन घेऊन घरी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझा विश्वास आटला आहे. बायबल उघडलं की दोन ओळींत डोळे मिटतात." मला त्यांच्यात आटलेला विश्वास दिसला नाही. मला दमलेली बाई दिसली. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला उठवून खायला-प्यायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला दिलं. देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर, होरेब डोंगरावर.

म्हणून आम्ही एक व्यवस्था केली. रविवारी सकाळी मंडळीतली दोन माणसं त्यांच्या घरी जातात आणि सासूबाईंजवळ बसतात. पहिल्या रविवारी ताई उपासनेला येतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्या आल्या नाहीत, आतल्या खोलीत दार लावून झोपल्या. कुणीतरी मला विचारलं, मग एवढं करून काय उपयोग झाला? मी म्हणालो, व्यवस्था त्यासाठीच आहे. महिन्यातले पहिले तीन रविवार भरले आहेत. चौथ्या रविवारसाठी, आणि पाचवा आला तर त्यासाठी, दोन माणसं हवी आहेत. आजाऱ्याला कूस बदलून देणं जमायला हवं, बाकी शिकवू. ज्यांना शक्य आहे त्यांनी बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर मला भेटावं.